जखम तिची, खटला आपला

किशोरवयातल्या मुलीने किंवा मुलाने स्वतःच्या शरीराला इजा करून घेतल्याचं उघड झालं, की चार वाक्यं ठरलेली असतात. ‘लक्ष वेधून घ्यायला चाललंय सगळं.’ ‘लाड जास्त झाले.’ ‘त्या मोबाईलनं वाट लावली.’ आणि रात्री दिवा मालवल्यावर आईबापांनी एकमेकांना विचारलेलं चौथं : ‘आपलं काय चुकलं?’ पहिलं वाक्य निर्दय वाटतं, चौथं हळवं. माझ्या मते चारही एकाच कुळातली आहेत. लक्ष कुणाचं? आपलं. लाड कुणी केले? आपण. मोबाईल कुणी घेऊन दिला? आपण. चूक कुणाची? तीही आपलीच. चौकशी मुलीच्या दुखण्याची सुरू होते आणि दोन मिनिटांत पालकांच्या खटल्यावर येऊन ठेपते. त्यात आपण कधी फिर्यादी असतो, कधी आरोपी; मुलगी मात्र साक्षीलासुद्धा नसते.

माझं म्हणणं असं : स्वतःला इजा करणं हा बहुतेक वेळा पालकांना धाडलेला निरोप नसतो आणि पालकांवरचा निकालही नसतो. सहन न होणारी मनोवस्था काही क्षण तरी आटोक्यात आणायला मुलाने स्वतःपुरता शोधलेला तो उपाय असतो. घातक उपाय, पण उपाय. एवढं मान्य केलं की काय विचारायचं, काय करायचं आणि कशापासून हात आवरायचा, या सगळ्याचा क्रम बदलतो. हे मी आई म्हणून लिहिते आहे. घरातली हकीकत मात्र सांगणार नाही. ती सांगायची की नाही हे माझी मुलगी ठरवेल.

१. लक्ष वेधायचं असतं, तर लपवलं कशाला असतं?

‘लक्ष वेधण्यासाठी’ हे स्पष्टीकरण पहिल्याच कसोटीला उतरत नाही. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ कीथ हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शाळांत सुमारे सहा हजार मुलामुलींचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांपैकी जवळजवळ सात टक्के मुलांनी आधीच्या वर्षभरात स्वतःला इजा केली होती. त्यांतल्या जेमतेम आठातल्या एका प्रसंगात मूल इस्पितळापर्यंत पोहोचलं होतं. बाकीचं सगळं इस्पितळाच्या नजरेआडच राहिलं. नंतर सात देशांत असंच विचारलं गेलं, तेव्हा मुलांनी सर्वाधिक निवडलेलं कारण ‘भयंकर मनःस्थितीतून सुटका हवी होती’ हे होतं. कुणाला घाबरवायचं होतं, कुणाचं प्रेम जोखायचं होतं, ही कारणंही आली, पण मागून.

हे शहरी श्रीमंतांचं किंवा एखाद्या ‘बिघडलेल्या’ गटाचं खूळही नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली निघाला. त्यानुसार सर्वसाधारण शाळकरी मुलांपैकी सुमारे सतरा टक्के मुलांनी, मरण्याचा हेतू नसताना, आयुष्यात एकदा तरी स्वतःला इजा केलेली असते. पन्नास मुलांच्या वर्गात आठ-नऊ मुलं. पालकसभेत आपल्या शेजारी बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी हे घडून गेलेलं असतं आणि आपण तिथे गणिताच्या शिकवणीबद्दल बोलत असतो.

सुटका मिळते, हाच खरा घोटाळा आहे. ती अल्पकाळ टिकते, मागून शरम येते, शरमेने मन आणखी खचतं आणि सुटकेची गरज वाढते. या चक्रात अडकलेल्या मुलाला ‘आई-बाबांना काय वाटेल याचा तरी विचार करायचास’ असं म्हणणं म्हणजे त्याच्या शरमेत आपल्या हाताने भर घालणं. ते वाक्य खोटं नसतं. आपल्याला खरंच तसं वाटलेलं असतं. पण ते त्या चक्राला गती देतं.

मरण्याचा हेतू नसणं आणि धोका नसणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. ‘तसं काही नव्हतं तिच्या मनात’ म्हणून निर्धास्त होणारे पालक मी पाहिले आहेत. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या मुलांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. म्हणजे नाटक म्हणून झटकून टाकणं चूक, आणि प्रत्येक खूण म्हणजे मृत्यूचं दार समजून घर डोक्यावर घेणंही चूक. दोहोंच्या मधली जागा अवघड आहे, आणि तिथे एकट्या पालकाने उभं राहायचं नसतं. तिथे तज्ज्ञ लागतो.

२. उदासी दिसत नाही, चिडचिड दिसते

नैराश्य म्हटलं की आपल्यासमोर कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली आकृती येते. किशोरवयात ते पुष्कळदा वेगळ्या वेशात येतं. मुलांच्या बाबतीत उदास मनाऐवजी चिडचिडेपणा हेही मुख्य लक्षण धरावं, असं मानसोपचाराच्या निदानाचे निकषच सांगतात. ‘उर्मट झालाय’, ‘उलट उत्तरं देते’, ‘दुपारी बारापर्यंत लोळत पडलेला असतो’, ‘आवडीचं क्रिकेटसुद्धा सोडलं’ या तक्रारी आपण शिस्तीच्या वहीत लिहितो. त्यांतल्या काही आजाराच्या वहीत लिहायच्या असतात. वयाचा उर्मटपणा आणि आजारातली चिडचिड वेगळी कशी काढायची? घरातून मला उमगलेली खूण एवढीच : उर्मट मुलाला अजून काहीतरी हवं असतं. आजारी मुलाला हवंसं वाटणंच बंद झालेलं असतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, आवडीनिवडी आणि मैत्री यांची घडी एकदम विस्कटलेली दिसली, तर वय म्हणून सोडून देऊ नये.

मार्कांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. नैराश्यात असूनही पहिल्या पाचांत येणारी मुलं असतात. उलट तेवढी एकच गोष्ट त्यांनी दातओठ खाऊन धरून ठेवलेली असते आणि ‘मार्क तर चांगले आहेत’ म्हणून घर बिनघोर राहतं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला; महानगरांत हा आकडा याच्या जवळजवळ दुप्पट होता. त्यांतली बहुतेक मुलं त्या दिवशीही दप्तर घेऊन शाळेत गेली असणार.

३. एका रकान्यात मावणारं कारण

आपल्याला एकच कारण हवं असतं, कारण एक कारण सापडलं की ते काढून टाकता येतं. परीक्षा, प्रेमप्रकरण, मोबाईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत १,७६४ सह महाराष्ट्र पहिला. पण त्याच अहवालात सर्व वयोगटांच्या आत्महत्यांमध्ये ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास, तर ‘कौटुंबिक समस्यां’चा जवळजवळ ३२ टक्के. यातून परीक्षा निर्दोष आणि कुटुंब दोषी असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तोही उथळच. ही कारणं पोलीस ठाण्यातल्या कागदावर एका रकान्यात लिहिलेली असतात, आणि ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांत काय काय कोंबता येतं हे आपण सगळे जाणतो.

मोबाईलबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सध्या हे सर्वांचं लाडकं कारण आहे. रात्रभर जागवणारा, वर्गातली टवाळी घरापर्यंत आणणारा, स्वतःला इजा केल्याची चित्रं दाखवणारा मोबाईल भर घालतो, यात शंका नाही. पण तो मूळ आहे म्हणणाऱ्यांनी वेल्लोरकडे पाहावं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तमिळनाडूच्या एका ग्रामीण विभागातल्या १० ते १९ वयोगटातल्या मृत्यूंची १९९२ ते २००१ अशी दहा वर्षं नोंद ठेवली. ‘लॅन्सेट’मध्ये ती २००४ साली आली. वर्षाला दर लाख मुलींमागे १४८ आणि दर लाख मुलांमागे ५८ आत्महत्या. त्या खेड्यांत तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना इन्स्टाग्राम. लाडावलेली, एकुलती एक, वेगळ्या खोलीत राहणारी मुलंही ती नव्हती. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ या वाक्याला माझ्यापुरतं इथेच उत्तर मिळतं : होतं. विहिरीवर, शेतावर, माजघरात होतं. त्याला ‘पाय घसरला’ किंवा ‘पोटदुखीला कंटाळली’ असं म्हणायची रीत होती.

खरी रचना थरांची असते. काही मुलांची भावनेची तीव्रता जन्मतःच जास्त असते, घराण्यात नैराश्य असू शकतं, किशोरवयात भावना भडकवणारी यंत्रणा लवकर जागी होते आणि तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यावर शाळेतली छळवणूक, एखादा मृत्यू, लैंगिक अत्याचार, स्वतःच्या लैंगिकतेबद्दलची भीती, घरातली भांडणं. शेवटी मैत्रिणींच्या ग्रुपमधून काढून टाकल्याचं एक साधं निमित्त. आपल्याला निमित्त दिसतं आणि आपण म्हणतो, ‘एवढ्याशा कारणावरून?’

४. घर काय करतं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलं. स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी त्यांनी घडवलेली उपचारपद्धती, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, आज जगभर वापरली जाते. किशोरवयात आपणही यातून गेलो होतो आणि दीर्घकाळ इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. त्यांची मांडणी पालकांसाठी फार उपयोगी आहे, कारण तिच्यात खलनायक नाही. मूळची तीव्र भावना असलेलं मूल, आणि ती भावना सतत नाकारणारा भोवताल, या दोहोंच्या घर्षणातून ही अवस्था तयार होते, असं त्या मांडतात. एकाच घरातला मोठा मुलगा त्याच वाक्यांवर हसून पुढे जातो आणि धाकटी मोडते, याचा उलगडा इथे होतो.

भावना नाकारणं म्हणजे दुष्टपणा नव्हे. ते बहुतेक वेळा मायेनेच होतं. ‘वेडी आहेस का, यात रडण्यासारखं काय आहे?’ ‘दोन वेळचं चांगलं मिळतंय, तुला कसलं आलंय दुःख?’ ‘आम्ही आठ जण एका खोलीत राहून शिकलो.’ ‘भूक लागली असेल, काहीतरी खाऊन घे.’ यातलं प्रत्येक वाक्य मी म्हटलं असेन किंवा माझ्या आईने मला म्हटलेलं असेल. त्यातून मुलीला कळतं ते एवढंच, की आपल्याला जे वाटतंय ते वाटायला नको होतं. भावना मात्र जात नाही. ती सांगण्याची सोय जाते, आणि जी सांगता येत नाही ती मग अंगावर निघते.

इथे पालकांच्या हातात खरोखर काही आहे. भावना मान्य करणं म्हणजे कृती मान्य करणं नव्हे. ‘ग्रुपमधून काढलं हे तुला फार लागलं असणार’ असं म्हणून थांबायचं. पुढे ‘पण’ जोडायचा नाही, तोडगा सुचवायचा नाही, काढणाऱ्या मुलीच्या आईला फोन लावायचा नाही. हे थांबणं भलतंच कठीण आहे. मराठी घरांत प्रेम कृतीतून बोलतं : डबा भरून, शुल्क भरून, रात्री क्लासबाहेर गाडी घेऊन उभं राहून. नुसतं ऐकत बसणं आपल्याला आळस वाटतो. या उपचारपद्धतीच्या किशोरांसाठीच्या आवृत्तीत म्हणूनच पालकांनाही मुलांबरोबर वर्गात बसवून कौशल्यं शिकवतात. ऑस्लोमध्ये २०१४ साली झालेल्या चाचणीत या पद्धतीने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाले.

५. आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : एवढी सहानुभूती दिली तर त्या कृतीलाच उत्तेजन मिळणार नाही का? मिळू शकतं. एरवी दुर्लक्षित असलेल्या मुलाभोवती जखम दिसताच सगळं घर गोळा होत असेल, बाबा कामावरून सुट्टी घेत असतील, भांडणं थांबत असतील, तर जखमेला किंमत येते. मुलामुलांत या गोष्टीची लागण होते हेही खरं. पण याला उत्तर सहानुभूती आटवणं नाही, तिचं वेळापत्रक बदलणं आहे. जखम दिसेल त्या दिवशी शांतपणे, फार न बोलता मलमपट्टी करायची, धोका किती आहे ते पाहायचं. आणि ज्या मंगळवारी काहीच घडलेलं नाही, त्या मंगळवारी मुलाशेजारी अर्धा तास बसायचं.

दुसरा आक्षेप : मरणाबद्दल थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. ही भीती स्वाभाविक आहे, आणि तपासून पाहिली गेली आहे. मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येबद्दल प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये न विचारलेल्यांपेक्षा ताण किंवा तसले विचार वाढलेले आढळले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांचा त्रास तर किंचित कमी दिसला. तेव्हा ‘तुला जगू नये असं वाटतं का गं?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ आलं तर किंचाळू नये, शपथा घालू नयेत. त्या रात्री तिला एकटं ठेवू नये आणि लगेच मदत घ्यावी.

तिसरा : मग पाळत ठेवायची नाही का? खोलीची कडी काढणं, डायरी वाचणं, रोज बाह्या वर करायला लावणं, यातून मूल फक्त अधिक चतुर होतं. घर सुरक्षित करणं ही मात्र पाळत नव्हे. औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवणं हे काम आजच करण्याचं आहे, आणि मुलाला सांगून करण्याचं आहे. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दशकात त्या देशातलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. तीव्र लाट ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं हेच अनेकदा जीव वाचवतं.

चौथा आक्षेप औषधांचा : ‘सवय लागेल.’ मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि बोलण्याचे उपचार एकत्र दिल्याचा फायदा अमेरिकेतल्या २००४ च्या मोठ्या चाचणीत दिसला. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने असंही बजावलं की नैराश्यविरोधी औषधांच्या सुरुवातीच्या काळात काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. दोन्ही खरं आहे. याचा अर्थ पहिले आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत.

शेवटचा आक्षेप मला सुखाने झोपू देत नाही : ‘खटला बंद करा’ म्हणून तुम्ही पालकांना सोडून देता आहात. काही घरांत खटला खरा असतो. बाप मारतो, काका हात लावतो, सगळे जाणतात आणि कुणी बोलत नाही. तिथे मुलाला भावना हाताळायला शिकवणं ही क्रूर थट्टा आहे. आधी मारणारा हात थांबला पाहिजे, आणि लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. माझी मांडणी या घरांसाठी नाही. ती उरलेल्या बहुसंख्य घरांसाठी आहे, जिथे गुन्हा कुणी केलेला नाही, तरी प्रत्येकजण आरोपीसारखा वागतो आहे, आणि त्या धांदलीत मुलाकडे पाहायचं राहून जातं.

६. दवाखान्याच्या दारात

जखम घेऊन दवाखान्यात गेलेले पालक पुष्कळदा खोटं सांगतात : पडली, स्वयंपाकघरात लागलं. एक भीती पोलिसांची, दुसरी सोयरिकीची. पहिलीबाबत कायदा बदलला आहे. २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. डॉक्टरला खरं सांगितलं तरच तो धोका जोखू शकतो. दुसऱ्या भीतीवर कायदा नाही. व्रण असलेल्या मुलीचं लग्न कसं होणार, ही चिंता सोळा वर्षांच्या मुलीच्या उपचारांआड येते, आणि मग मानसोपचारतज्ज्ञाऐवजी आधी अंगारा, मग कुंडली, मग गावी आजीकडे धाडणं असा प्रवास होतो. त्यात महिने जातात.

मदत मुंबई-पुण्याबाहेर विरळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या केंद्रासारख्या संस्था प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. तरी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठता येतो, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते. तिथे पालकांनीही फोन करावा. आपली झोप उडालेली असताना मुलासमोर शांत राहणं केवळ निर्धाराने जमत नाही.

७. खुणा थांबल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सुमारे दोन हजार मुलांना किशोरवयापासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत पाहत राहिलेला एक अभ्यास २०१२ साली आला. किशोरवयात स्वतःला इजा करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांची ही सवय मोठेपणी सुटलेली होती. कुणाही आईला हे वाचून हायसं वाटेल, मलाही वाटलं. पण त्याच संशोधकांनी दाखवलं की किशोरवयातली चिंता आणि नैराश्य पुढेही धोका वाढवतात आणि त्यांचे उपचार करावेच लागतात. ताप उतरला म्हणजे विषमज्वर गेला असं कुणी मानत नाही, इथे मात्र सर्रास मानतात. खुणा थांबल्या की पालक दवाखान्याच्या फेऱ्या थांबवतात, दहावी जवळ आलेली असते, क्लासची वेळ आणि समुपदेशकाची वेळ एकच येते आणि क्लास जिंकतो. हा उपाय सुटला, पण ज्यावर तो होता ते दुखणं सुटलं का, हे मनगटावरून कळत नाही. उपचार कधी थांबवायचे हे डॉक्टर आणि मुलगी मिळून ठरवतील. त्या बैठकीत आपली खुर्ची जरा मागे असेल.